नव्या गाडीचं पहिलं ऑइल

पाडव्याला स्प्लेंडर घरी आली आणि काटा दोनशे किलोमीटरच्या पुढं सरकल्यावर मी तिचं ऑइल काढलं. कंपनीची पहिली सर्व्हिस पाचशे ते साडेसातशे किलोमीटरच्या दरम्यान असते. ती मी वेळेत करून घेतली, बुकात शिक्काही घेतला. पण त्याआधीचं हे ऑइल मला माझ्या हातानं काढायचं होतं आणि त्यातून काय निघतं ते डोळ्यांनी बघायचं होतं.

माझी उमेदीची सगळी वर्षं कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत मशीन शॉपवर गेली. फाउंड्रीतून कास्टिंग यायचं, बोरिंग व्हायचं, मग होनिंग. होनिंगचे दगड सिलिंडरच्या बोअरमध्ये गोल फिरत वर-खाली जातात आणि भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटतात. त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात. त्यांच्या खाचांत ऑइल धरून राहतं आणि त्यांच्या उंचवट्यांवर घासून पिस्टनच्या रिंगा बोअरशी बेतशीर बसतात. हे बसणं बहुतेक सगळं पहिल्या काहीशे किलोमीटरमध्ये उरकतं. झिजलेलं लोखंड मग जाणार कुठं? ऑइलमध्येच. गिअरचे दात एकमेकांशी जुळताना निघालेली पूड त्यातच, क्लचप्लेटांची पूडही त्यातच. शिवाय पार्ट कितीही धुतला तरी एखाद्या भोकाच्या कडेला राहिलेला बर, म्हणजे धातूची बारीक कपची, किंवा कोपऱ्यात अडकलेला वाळूचा कण सुटतो, हे मी वर्षानुवर्षं पाहिलंय. नवी कोरी गाडी बाहेरून सगळ्यात स्वच्छ असते आणि नेमकं तेव्हाच तिच्या पोटात सगळ्यात जास्त कचरा असतो.

कारची गोष्ट थोडी वेगळी. तिथं कागदी फिल्टर असतो, तो बराचसा कचरा अडवतो, आणि गिअरबॉक्सचं तेल निराळं असतं. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच तिन्ही एकाच ऑइलमध्ये बुडालेले. त्यातून स्प्लेंडरच्या ९७.२ सीसी इंजिनाला कागदी फिल्टर नाहीच. एक तारेची जाळी आहे, आणि क्रँकच्या टोकाला एक फिरती वाटी, जिच्यात जोरानं फिरणाऱ्या ऑइलमधला जड कचरा कडेला फेकला जाऊन चिकटतो. जुनी, साधी आणि चांगली रचना आहे. पण दोन्ही वस्तू उजव्या बाजूच्या कव्हरच्या आत. ते कव्हर उघडल्याशिवाय त्या साफ होत नाहीत आणि नव्या गाडीचं कव्हर कोणी उघडत नाही, उघडूही नये. म्हणजे जाळीतून निसटणारी बारीक पूड बाहेर काढायचा मालकाच्या हातातला एकच रस्ता उरतो, ड्रेन नट.

गाडी चालवायची कशी, हाही याच कामाचा भाग. आमच्याकडं अजून समज आहे की नवी गाडी चाळीसच्या वर न्यायची नाही, नुसती कुरवाळत चालवायची. मला हे पटत नाही. पेट्रोल जळल्यावर तयार होणारा वायू रिंगेच्या मागं शिरतो आणि तिला बोअरवर दाबतो. इंजिनावर थोडाही भार पडला नाही तर हा दाब येत नाही, आणि रिंगा बसण्याआधीच रेघा घासून गुळगुळीत होण्याची भीती असते. उलट थ्रॉटल शेवटपर्यंत पिळणं किंवा हायवेला तासभर एकाच वेगात धरणंही वाईट. वेग कमी-जास्त होत राहिला पाहिजे. म्हणून मी गाडी कागलच्या हायवेला नेलीच नाही, पन्हाळ्याला नेली. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला थोडं काम द्यायचं, उतारावर थ्रॉटल सोडून गिअरवर उतरू द्यायची, वर पोचलं की सावलीत गार होऊ द्यायची.

ऑइल काढलं ते असंच एकदा पन्हाळ्याहून परत आल्यावर. इंजिन कोमट झाल्यावर. कढत असताना नाही, कारण हात भाजतो, आणि पार गार झाल्यावरही नाही, कारण कचरा तळाला बसतो. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, खाली पसरट ट्रे ठेवला, हातमोजे घातले. वापरलेलं ऑइल कातडीला चांगलं नसतं; मशीनवर उमेदवारी करणाऱ्या पोरांना मी हे नेहमी सांगत आलो. सतरा नंबरचा रिंग पाना नटावर बसवला, तेवढ्यात शेजारच्या गॅरेजचा पोरगा येऊन उभा राहिला.

"काका, नवी कोरी गाडी हाय की. कशाला उगंच नट खोलाय लागलाय?"

"बस हितं. बघ काय निघतंय ते."

नट निघाला आणि ऑइलची धार ट्रेत पडली. रंग काळा नव्हता, करडा होता, आणि उन्हात त्यात एक चकाकी फिरत होती. घरातल्या जुन्या स्पीकरचं चुंबक मी फडक्यात गुंडाळून ट्रेत सावकाश फिरवलं आणि वर काढलं. त्याच्या कडेला भिजवलेल्या राखेसारखा लोखंडाचा थर चढला होता. पोरानं तो बोटाच्या चिमटीत घेऊन चोळला. कण असा हाताला लागत नव्हता, नुसता मऊ लेप. तसाच असायला हवा. टोकदार तुकडे, कपच्या निघाल्या असत्या तर गाडी तशीच कंपनीत नेली असती. मग उरलेलं ऑइल पांढऱ्या सुती कापडातून गाळलं. ॲल्युमिनियम चुंबकाला लागत नाही, ते कापडावर दिसतं. दोन-चार चंदेरी ठिपके होते आणि जोडाला लावलेल्या सीलंटचा एक धागा. जाळीत जाऊन बसणारा माल हा असाच असतो. पोरगा बराच वेळ ते कापड उजेडाला धरून बघत होता.

नट परत लावताना जपावं लागतं. केसिंग ॲल्युमिनियमचं, नट लोखंडाचा. जोर जास्त झाला तर केसिंगमधले आटे जातात आणि मग खर्च ऑइलच्या कित्येक पटींनी वाढतो. नवा वायसर टाकून आधी हातानं पूर्ण फिरवायचा, मग टॉर्क पाना. नवा वायसर काही रुपयांत मिळतो, जुनाच दाबून लावायचं कारण नाही. नवं ऑइल मी १०डब्ल्यू-३० घातलं, बाटलीवर जासो एमए लिहिलेलं बघून. ही खूण मोटरसायकलच्या ओल्या क्लचसाठी असते. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असू शकतात, त्यांनी क्लच घसरतो. कार आणि मोटरसायकल दोन्ही घरात असणाऱ्यांनी उरलेलं कारचं ऑइल इकडं ओतू नये, एवढं मला कळकळीनं सांगायचंय. आणि बाटली ९०० मिलीची आहे म्हणून ती सगळी रिकामी करायची, असंही नाही. थोडं कमी ओतून इंजिन दोन मिनिटं चालवायचं, बंद करून थांबायचं, मग डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघायची. लागेल तेवढी भर नंतर घालता येते.

बाटलीचं बिल मी जपून ठेवलं, तारीख आणि काट्यावरचा आकडा सर्व्हिस बुकाच्या मागच्या पानावर लिहिला. कंपनीच्या फुकट सर्व्हिसच्या जागी हे चालत नाही. त्या ठरलेल्या अंतरातच करून घ्याव्या लागतात, नाहीतर वॉरंटीला अडचण येते. पहिल्या सर्व्हिसला मजुरी माफ असली तरी ऑइलचे पैसे पडतात. घरी घातलेल्या ऑइलचा चारशे रुपयांच्या आसपासचा जादा खर्च न करताही ही गाडी लाखभर किलोमीटर चालेल, हे मी नाकारत नाही. कंपनीनं हिशोब करूनच अंतर ठरवलेलं असतं. पण ज्या गाडीवर मी दहा-पंधरा वर्षं काढणार, तिच्या बेअरिंगांमधून ती पूड आणखी तीनशे किलोमीटर फिरू द्यायला माझं मन घेत नाही.

काढलेलं ऑइल एका रिकाम्या बाटलीत भरून झाकण घट्ट लावलं. गावाकडून लगेच मागणी आली, कुंपणाच्या लाकडांना वाळवी लागू नये म्हणून. सेंट्रिंगवालेही प्लेटांना लावायला मागतात. मी दिलं नाही. ते शेवटी पावसाबरोबर जमिनीत आणि पंचगंगेतच उतरतं. २०१६च्या नियमांनी वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात धरलंय, आणि १ एप्रिल २०२४पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करायची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्यांवरही आली आहे. उद्यमनगरात मोठ्या गॅरेजांतून बॅरल उचलले जातात, तिथं मी माझी बाटली नेऊन देतो.

पाचशेच्या पुढं कंपनीच्या पहिल्या सर्व्हिसला निघालेलं ऑइल बघायला मिळावं म्हणून मी काउंटरवर आधीच सांगून ठेवलं होतं. आत उभं राहू दिलं. चुंबकावर यावेळी थर नव्हता, नुसती काळपट झाक. हजाराच्या सुमाराला घरी पुन्हा काढलं, तेव्हा कापड जवळजवळ कोरं निघालं. आता पुढचं ऑइल सर्व्हिस बुकात लिहिलेल्या अंतरानंच. गॅरेजच्या त्या पोरानं मात्र माझ्याकडून चुंबक मागून नेलंय. त्याच्याकडं एका शाळामास्तरांची नवी मोपेड आली आहे.