उन्हाचं लोणचं

गारखेड्यात आम्ही पाण्याची टंचाई पाहिली, रॉकेलची पाहिली. उन्हाची कधी पाहिली नाही. तरीही शाळेच्या गच्चीवर सोलरच्या प्लेटा बसवायचं ठरलं तेव्हा पालकसभेत एका गृहस्थांनी विचारलंच, "पण ऊन पुरेल ना?" मी मोठ्यानं हसलो. सभेत हसणाऱ्याला समितीवर घेतात, हे मला त्या दिवशी कळलं.

वीजबचत समितीचा अध्यक्ष झाल्यावर मी अभ्यास केला. एका किलोवॉटला शंभरेक चौरस फूट गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिटं मिळतात. शाळा ऐन उन्हात भरते, तेव्हा हे लग्न पत्रिका जुळूनच ठरलेलं. अडचण एकच. उन्हाची सुगी मे महिन्यात आणि शाळा तेव्हा बंद! त्यावर तोड म्हणजे नेट मीटर. सुट्टीतली वीज कंपनीच्या तारांत सोडायची, ती युनिटं पुढच्या बिलांतून वळती होतात.

"म्हणजे उन्हाचं लोणचंच की!" आमची ही म्हणाली.

"पण ३१ मार्चला बरणी रिकामी. उरलेल्याचे पैसे देतात."

"मेलं, कोण देतं असं लोणचं विकून?" ती म्हणाली आणि शास्त्रचर्चा संपली.

उद्घाटनाला पाहुणे सूर्यनारायणाची थोरवी सांगत असतानाच वीज गेली. माइक बंद, पंखे बंद, डोक्यावर सूर्यनारायण मात्र चालू. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी घाम पुसत सांगितलं, की बॅटरी नसलेली ही यंत्रणा बाहेरची वीज गेली की आपणहून थांबते. नाहीतर आपली वीज उलटी तारेत शिरायची आणि खांबावर चढलेल्या वायरमनला धक्का बसायचा. पाहुण्यांना ते पटलं नाही. मागून शिपाईमामा म्हणाले, "बराबर हाय सायेब. माझा भाचा लाइनवरच हाय." मग कुणी काही बोललं नाही.

खरा प्रश्न पाचवी 'ब'चा होता. पत्र्याखालची खोली, पन्नास पोरं आणि एक पंखा. आणखी तीन लावले तर पाण्याची मोटार, कॉम्प्युटर आणि पंखे एकदम चालताना मंजूर भार ओलांडणार. तो वाढवायचा तर बिलातला स्थिर आकार वाढणार. समितीच्या चार बैठका झाल्या. चहा झाला. पाचव्या बैठकीत कप उचलता उचलता मामा म्हणाले, "मोटार मी मधल्या सुट्टीत लावतो की. तवा वर्ग रिकामे ऱ्हातेत, पंखे मीच बंद करत हिंडतो."

पाचवी 'ब'ला पंखे लागले. तेही तीस वॅटच्या आसपासचे, जुने पंच्याहत्तर खायचे. बिल उतरलं. बाईंनी मला प्रार्थनेच्या वेळी 'विजेची बचत' या विषयावर बोलायला लावलं. मी अर्धा तास बोललो. तेवढा वेळ घरी माझ्या खोलीतला पंखा चालू होता, हे मला घरी गेल्यावर कळलं. म्हणजे, कळवण्यात आलं.