पेशीतील पाहुणा

तुळशीचे पान हिरवे का, असे एखाद्या मुलाने विचारले तर शास्त्राचे उत्तर ठरलेले आहे : पानाच्या पेशींत हरितलवक नावाचे सूक्ष्म कण असतात व ते सूर्यप्रकाशाच्या बळावर अन्न तयार करतात. परंतु हे कण मूळचे त्या पेशीचे नव्हेतच, हा उत्तराचा पुढील भाग आम्हांस अधिक नवलाचा वाटतो.

रॉबर्ट हूक याने 1665 साली बुचाच्या पातळ कापात लहान लहान कप्पे पाहिले. पुढे 1838-39 मध्ये श्लायडेन व श्वान यांनी असे प्रतिपादन केले की, वनस्पती काय आणि प्राणी काय, सर्व देह पेशींचेच बनलेले असतात. देवस्थानाच्या कारभाराशी परिचय असलेल्या वाचकांस पेशीची व्यवस्था परकी वाटू नये. केंद्रकात वंशपरंपरेने आलेल्या आज्ञांचे दप्तर असते. त्या आज्ञांबरहुकूम प्रथिने घडविणारे कारागीर बाहेर निराळे असतात. आत काय यावे व बाहेर काय जावे, हे भोवतालचे पटल पाहते. आणि या सर्वांस लागणारी शक्ती अन्नातून मिळवून देण्याचे मुख्य काम तंतुकणिका करतात. त्या म्हणजे पेशीच्या घरातील चूलच होय.

ही चूलही बाहेरून आलेली! फार प्राचीन काळी, अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी, एक जीवाणू दुसऱ्या पेशीत शिरला आणि तेथेच राहिला. त्याचेच वंशज म्हणजे आजच्या तंतुकणिका. लिन मार्ग्युलिस या अमेरिकन विदुषीने 1967 साली हा विचार साधार मांडला, तेव्हा पुष्कळांना तो पटला नाही. पण पुरावे साचत गेले. तंतुकणिकेस दुहेरी पटल असते, ती जीवाणूप्रमाणे दुभंगून वाढते आणि तिचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो. आज हे मत सर्वमान्य आहे.

पाहुणा घरचा झाला तो कोणत्या अटीवर? त्याने आपली बहुतेक जनुके कालांतराने गमावली, कित्येक यजमानाच्या केंद्रकात जमा झाली. आता त्यास एकट्याने जगता येत नाही. त्याच्यावाचून आपल्या देहालाही जगता येत नाही. मनुष्याच्या तंतुकणिकेतील डीएनएचे संपूर्ण वाचन 1981 साली झाले. त्यात अवघी 37 जनुके आढळली. त्यांपैकी 13 जनुके प्रथिनांची असून ती सर्व प्रथिने शक्ती निर्माण करण्याच्या यंत्रणेतील आहेत; उरलेली जनुके ती प्रथिने जागच्या जागी घडविण्यास साहाय्य करतात. हा ठेवा अपत्यास मिळतो तो आईकडून.

दृष्टांत म्हणजे प्रमाण नव्हे, हे आम्ही जाणतो. तसेच आपल्या पूर्वजांस हे सारे ठाऊक होते असा दावाही आम्हांस करावयाचा नाही. तरीही पिढ्यानपिढ्या बडोद्यास राहिलेल्या आमच्यासारख्यांच्या मनात ही हकीकत घर करते. आमचे कुलदैवत श्रीमंगेश. त्या देवालाही सोळाव्या शतकात कुठ्ठाळी सोडून नदीपलीकडे प्रियोळास यावे लागले. आज आमच्या घरी नातवंडे आपसांत गुजराती बोलतात. वडीलधारी मंडळी कष्टी होऊन म्हणतात, आपले सारे गेले. दुसरे म्हणतात, जेथे अन्न खातो तेथलेच होऊन जावे, वेगळेपणा हवा कशाला?

या दोन्ही पक्षांस तंतुकणिका काही सांगू शकेल असे आम्हांस वाटते. सारे राखू पाहणारा पाहुणा घरचा होत नाही. सारे टाकणाऱ्यापाशी घरास देण्याजोगे काही उरत नाही. थोडे राखावे, पण ते मर्माचे असावे. ज्यावाचून आपल्या हातचे काम बंद पडेल, तेवढे तरी सुटू देऊ नये. नातवंडांनी गुजराती खुशाल बोलावी. मात्र सांजवेळी देवापाशी दिवा लावताना आजीशी चार शब्द मराठीत बोलण्याइतकी भाषा त्यांच्यापाशी उरावी, आणि ती आईच्या तोंडून यावी, एवढाच आमचा आग्रह आहे.