निवड

निवड हा शब्द आम्ही आजवर शुभच मानीत आलो होतो. शस्त्रक्रियेसाठी रोग्याचीही निवड होते, हे दादांच्या दुखण्यात उमगले. फुप्फुसातील कर्करोगाची एक गाठ त्यांच्या मेंदूत उतरली होती. एकच आहे, तर काढून टाकावी, असा आमचा सरळ हिशेब. १९९० साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला ४८ रोग्यांचा अभ्यास आम्ही सोबत नेला होता. नुसत्या किरणोपचाराने मध्यक आयुष्य १५ आठवडे. आधी गाठ काढून मग किरणोपचार केल्यास ४०.

शल्यविशारदांनी छायाचित्रे बाजूस ठेवून विचारले, “स्नान, भोजन आपले आपण करता ना?”

“अर्थात!” दादा उत्तरले. वहिनींनी मान खाली घातली. क्षणभर आम्हीही त्या असत्याच्या आडोशास उभे राहिलो. मग न राहवून खरे ते सांगितले.

ते मृदुपणे म्हणाले, “त्या अभ्यासात स्वतःचे स्वतः करू शकणारेच रोगी घेतले होते. गाठीने आलेली दुर्बलता गाठ काढल्यावर कधी ओसरतेही. परंतु येथे यकृतातही रोग बळावतो आहे. जखम भरण्यात जे दिवस जातील, ते यांच्या मोजक्या दिवसांतूनच जातील.” किरणोपचार तेवढे ठरले.

नकार हीदेखील चिकित्साच, हे आम्हांस पटले. परतीच्या वाटेवर दादा मात्र आमच्याशी बोलले नाहीत.

संध्याकाळी वहिनींनी पाणी तापविले. कोणी पाहू नये म्हणून न्हाणीघराचे दार लावण्याचा हट्ट दादांनी त्या दिवशी प्रथमच धरला नाही.