आजीची कीर्तने आणि एक सीडी

आजीने टाईप करून ठेवलेली योसेफ व मोशे यांची मराठी कीर्तने जुन्या आयबुक जी४ मध्ये अडकली होती. यंत्र सुरू होई, पण पुढे काही उघडत नसे. त्यात इंटेल नव्हे, पॉवरपीसी प्रोसेसर. त्यामुळे नेहमीची लिनक्स सीडी चालत नाही. डेबियनने २०१७ मधील ९ व्या आवृत्तीपासून पॉवरपीसी सोडले, म्हणून मी ८ वी शोधली. आयएसओ फाईल नुसती कॉपी न करता इमेज म्हणून बर्न केली. सुरू करताना ‘सी’ दाबून धरले. इन्स्टॉल करताना डिस्क पुसली जाऊ शकते. म्हणून ‘रेस्क्यू’ निवडले. कीर्तने पेनड्राइव्हवर आली.

आजी म्हणाली, “आता कागदावर छाप बाळा, म्हणजे पुन्हा अडकायची नाहीत.”

कोणाकडे असा संगणक असेल तर टाकू नका, वर्गाला घेऊन या.