पैठणचा वेताळ आणि माजिवड्याचे कपाट

१/ ठाण्यातील माजिवडा नाका. मुंबई–नाशिक महामार्ग आणि घोडबंदर रस्ता येथे एकमेकांपासून वेगळे होतात, आणि उड्डाणपुलावरील वाहनांचा आवाज रात्रीही पुरता थांबत नाही. नाक्यापासून थोडे आत, जुन्या गावाच्या बाजूची एक इमारत पुनर्विकासाला गेली. भाड्याने मिळालेले घर लहान होते. पुस्तकांचे लाकडी कपाट तेथे मावणार नव्हते. रद्दीवाल्याला रविवारी सकाळी अकराची वेळ दिली होती. हा धागा त्या कपाटाचा आहे. परंतु त्याचे दुसरे टोक गोदावरीच्या काठावर सापडते.

२/ शनिवारी रात्री दिवाणखान्यात पुस्तकांचे तीन ढीग लागले. पहिला आजोबांचा : ‘चांदोबा’चे बांधीव अंक आणि नाथमाधवांच्या ‘वीरधवल’ या अद्भुतरम्य कादंबरीची पाने सुटलेली प्रत. दुसरा डोंबिवलीत वाढलेल्या सुनेचा : भा. रा. भागवतांची पुस्तके. तिसरा चौदा वर्षांच्या नातीचा : इंग्रजीतील हॅरी पॉटर, सातही भाग. प्रत्येकाने एका पिशवीत मावेल तेवढेच ठेवायचे, असे ठरले होते. मग ओघानेच प्रश्न आला : लहानपणीच्या जादूच्या पुस्तकांत सर्वांत चांगले कोणाचे?

३/ “तुझ्या त्या हॅरीच्या गोष्टीत झाडू उडतात, ठीक आहे. पण त्यात आपलं काय आहे?” आजोबा म्हणाले.
“आणि तुमच्या चांदोबात आपलं काय आहे, आजोबा?” नातीने विचारले.
सुनेने मुलीकडे डोळे वटारून पाहिले. प्रश्नाचा सूर उद्धट होता खरा, परंतु प्रश्न इतिहासाचा होता. त्याचे उत्तर शोधले पाहिजे.

४/ ‘चांदोबा’ हे मासिक मुळात मद्रासचे. बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ते तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू केले. ‘मायाबाजार’ हा गाजलेला चित्रपट ज्या विजया प्रॉडक्शन्सचा, तिचे चालकही हेच दोघे. ‘चांदोबा’ या नावाने मराठी आवृत्ती निघाली ती १९५२ मध्ये. तेलुगू साहित्यिक कोडवटिगंटी कुटुंबराव यांनी या मासिकाच्या संपादनाची धुरा दीर्घकाळ वाहिली. विक्रम-वेताळाची चित्रे शंकर या नावाने ओळखले जाणारे के. सी. शिवशंकरन (१९२४–२०२०) काढीत.

५/ ते चित्र ज्याने बालपणी पाहिले, त्याला ते विसरता येत नाही : हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, आणि मागे वळून न पाहता स्मशानातून चाललेला राजा. आजोबांना तर चित्राच्या कोणत्या कोपऱ्यात कवटी असे, तेही आठवत होते. मात्र ते चित्र एका तमिळ चित्रकाराचे आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. नातीने ते फोनवर शोधून वाचून दाखवले, तेव्हा ते काही वेळ गप्प बसले. पहिला डाव नातीचा झाला, असे तिला वाटले.

६/ परंतु वेताळ मद्रासपेक्षा पुष्कळ जुना आहे. वेताळाच्या पंचवीस कथा अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने राणी सूर्यमतीसाठी रचलेल्या ‘कथासरित्सागर’ या संस्कृत ग्रंथात येतात. तेथे राजाचे नाव त्रिविक्रमसेन असे आहे. एक भिक्षू त्याला रोज एक फळ आणून देतो आणि प्रत्येक फळात एक रत्न दडलेले असते, येथून कथेला आरंभ होतो. आणि या राजाची नगरी? गोदावरीच्या तीरावरील प्रतिष्ठान. म्हणजेच आजचे पैठण.

७/ मद्रासमध्ये छापून माजिवड्यात आलेला वेताळ, काश्मीरच्या कवीच्या सांगण्यानुसार, मूळचा मराठवाड्यातील राजाच्या खांद्यावर बसला होता. “बघ!” आजोबा म्हणाले. आता डाव त्यांचा झाला, असे त्यांना वाटले. तेही घाईचेच होते. कारण पैठणची ही कथा पैठणहून थेट घरी आलेली नव्हती. ती संस्कृतातून, काश्मिरातून, तेलुगू संपादकाच्या मेजावरून आणि तमिळ चित्रकाराच्या कुंचल्यातून फिरून आली होती. वाटेत एकानेही ओझे खाली टाकले असते, तर ती पोहोचली नसती.

८/ मराठी मुद्रणाच्या पहिल्या फळीतही अशीच पुस्तके दिसतात. १८१४ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या छापखान्यात विल्यम कॅरी आणि वैजनाथशास्त्री यांच्या उद्योगातून ‘सिंहासन बत्तिशी’ मोडी लिपीत छापली गेली. बोलणाऱ्या पुतळ्यांची ही अद्भुतकथा मराठीतील आरंभीच्या छापील गद्य पुस्तकांपैकी एक आहे. पुढे मुंबईत सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘बाळमित्र’ व ‘इसापनीतिकथा’ आणि १८३० मध्ये ‘वेताळपंचविशी’ मराठीत आणली. पुतळ्या, वेताळ आणि इसापाचे कोल्हे मराठी छापखान्यात जवळजवळ एकाच वेळी शिरले. त्यांतील कोण आपला आणि कोण परका, याची विचारपूस तेव्हाच्या मुलांनी केली नसावी.

९/ सुनेच्या ढिगाकडे वळू. भा. रा. भागवत (१९१०–२००१) म्हटले की पहिले नाव येते फास्टर फेणेचे. नातीचा आक्षेप रास्त होता : “आई, पण त्यात जादू कुठे आहे?” फुरसुंगीचा बनेश फेणे सायकल दामटतो, चोर पकडतो, मंत्र म्हणत नाही. मग सुनेने ढिगाच्या तळातून ‘चंद्रावर स्वारी’ काढले. ज्यूल व्हर्नच्या अद्भुत प्रवासांना मराठीत आणणारेही भागवतच. लुईस कॅरलच्या ‘अ‍ॅलिस’ला त्यांनी ‘जाईची नवलकहाणी’ केले. त्याच अ‍ॅलिसला देवदत्त नारायण टिळक, म्हणजे ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाईंचे पुत्र, यांनी ‘वेणू वेडगावात’ नेले होते.

१०/ व्हर्नची चंद्रावरील तोफ आणि कॅरलची अ‍ॅलिस ही दोन्ही पुस्तके १८६५ ची. एक फ्रेंच, एक इंग्रजी. डोंबिवलीतील एका मुलीने, खाली लोकलचा खडखडाट चालू असताना, गॅलरीत बसून ती वाचली तेव्हा तिला दोन्ही मराठीच वाटली होती. जाई ही मुळात इंग्रज मुलगी आहे, हे तिला कॉलेजात गेल्यावर कळले. “फसवणूक झाल्यासारखं वाटलं का?” नातीने विचारले. “नाही गं,” ती म्हणाली. “उलट, भागवतांनी माझ्यासाठी केवढे कष्ट घेतले होते, ते तेव्हा कळलं.”

११/ तिसऱ्या ढिगात इंग्रजी भागांच्या खाली एक मराठी पुस्तक होते. आजीने वाढदिवसाला दिलेले. न उघडलेले : ‘हॅरी पॉटर आणि परीस’, अनुवादक बाळ ऊर्ध्वरेषे. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या मूळ पुस्तकाच्या नावात ‘फिलॉसॉफर्स स्टोन’ असे शब्द होते. अमेरिकी प्रकाशकाने १९९८ मध्ये ते बदलून ‘सॉर्सरर्स स्टोन’ केले. मराठीला असा खटाटोप करावा लागला नाही. लोखंडाचे सोने करणारा दगड मराठीत शतकानुशतके होताच; संतांच्या वाणीत तो ठायी ठायी सापडतो.

१२/ “परीस म्हणजे?” नातीने विचारले. सातही भाग दोनदा वाचलेल्या मुलीला तो शब्द माहीत नव्हता. आजोबांनी अर्थ सांगितला. ती म्हणाली, “म्हणजे रोलिंगच्या आधीपासून आपल्याकडे हा होता?” युरोपातील किमयागारांकडेही होता आणि येथेही होता. एका शब्दाने दोन्हींच्या मध्ये पूल टाकला, आणि तो टाकणाऱ्याचे नाव मुखपृष्ठ पाहूनही कोणाच्या लक्षात राहत नाही.

१३/ आता तुलना करायचीच, तर ती अशी करावी. ‘चांदोबा’तील अद्भुत न्यायाकडे नेते : वेताळ विचारतो की या तिघांत थोर कोण, आणि राजाला निवाडा द्यावाच लागतो. भागवतांनी आणलेले अद्भुत कुतूहलाकडे नेते : हे खरोखर घडेल का, घडले तर कसे? हॅरीच्या कथेतील अद्भुत आपलेपणाकडे नेते : जिन्याखालच्या कोंदट कपाटात झोपणाऱ्या मुलाला शेवटी कोण आपले म्हणते? नव्या प्रजासत्ताकातील मुलगा, विज्ञानाच्या गप्पांत वाढलेली मुलगी आणि उंच मनोऱ्यांच्या शहरातील नात यांना तीन वेगळे प्रश्न पडले. तिन्ही प्रश्न खरे आहेत. म्हणून तिन्ही ढिगांत पहिला क्रमांक लावता येत नाही.

१४/ मात्र एक गोष्ट अवघड होती, आणि तिच्याविषयी त्या घरात कोणी बोलत नसे. आजोबांची दृष्टी अधू झाली होती. बारीक अक्षर त्यांना वाचता येत नव्हते. नातीला मराठी अक्षरे दिसत होती, पण वाचण्याची सवय नव्हती. कपाटात पुस्तके होती आणि घरात त्यांना वाचकच उरला नव्हता. रद्दीवाल्याची वेळ कोणीतरी ठरवली, असे म्हणणे सोपे होते. ती वेळ आपोआप जवळ येत गेली होती.

१५/ कथासरित्सागराच्या आरंभी एक दंतकथा आहे. प्रतिष्ठानच्या सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता. एका पैजेत हरल्यामुळे त्याने संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषांचा त्याग केला. अरण्यात राहून त्याने पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांची ‘बृहत्कथा’ लिहिली. शाई नव्हती, म्हणून स्वतःच्या रक्ताने. राजाने ती हलक्या भाषेतील म्हणून नाकारली. गुणाढ्याने अग्नी पेटवला. एकेक पान वाचावे आणि आगीत टाकावे, असे त्याने चालवले. भोवती पशुपक्षी चरायचे सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत बसले.

१६/ इकडे राजा आजारी पडला. आहारातील मांस निःसत्त्व आहे, असे निदान झाले. शिकाऱ्यांना जाब विचारला, तेव्हा कळले की अरण्यातील प्राणी खातच नाहीत. ते कथा ऐकत आहेत. राजा धावत गेला. तोवर सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. उरलेला एक लक्ष त्याने मागून घेतला. ही दंतकथा आहे, इतिहास नव्हे. पण एवढा इतिहास खरा की मूळ पैशाची बृहत्कथा आज उपलब्ध नाही. तिची दुसऱ्या भाषांतील रूपांतरे तेवढी राहिली. ग्रंथ गेला. दुसऱ्या भाषेत उचलून नेलेले वाचले.

१७/ त्या रात्री नातीने ‘चांदोबा’चा एक खंड उघडला आणि वेताळाची गोष्ट मोठ्याने वाचायला घेतली. जोडाक्षरांपाशी ती अडखळत होती. आजोबांनी फक्त एकदा दुरुस्ती केली. गोष्ट संपली, वेताळाने प्रश्न विचारला, आणि ती थांबली.
“आजोबा, उत्तर येतं ना तुम्हाला?”
“येतं.”
“मग सांगा ना.”
“मी बोललो, तर वेताळ परत झाडावर जाईल. मग तुला पुढची गोष्ट वाचावी लागेल.”
“चालेल,” ती म्हणाली.

१८/ रविवारी अकरा वाजता रद्दीवाला आला. जुनी वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि मुदत संपलेली मार्गदर्शके घेऊन गेला. ‘वीरधवल’ची सुटी पाने नातीने दोऱ्याने बांधून ठेवली. एका पिशवीचा नियम मोडला. तीनऐवजी सात पिशव्या भाड्याच्या घरी गेल्या. जे मावले नाही, ते एखाद्या ग्रंथालयाला विचारून द्यायचे ठरले.

१९/ ग्रंथालयाचे नाव निघाले की ठाणेकरांनी एक तारीख लक्षात ठेवावी : १ जून १८९३. केवळ मराठी ग्रंथ जतन करण्यासाठी या शहरात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले; अशा प्रकारची ती आद्य संस्था. तिच्या संस्थापकांत पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे होते. तेव्हा ते विशीतले तरुण होते. या धाग्याच्या बहुतेक वाचकांच्याच वयाचे.

२०/ धागा येथे संपतो. तुमच्या लहानपणीचे जादूचे पुस्तक कोणते, ते अवश्य लिहा. लिहिण्यापूर्वी मात्र ते एकदा हातात घ्या, मुखपृष्ठ उलटा आणि अनुवादकाचे किंवा चित्रकाराचे नाव शोधा. पुस्तकाच्या नावाशेजारी तेही लिहा.