राखीव गोलंदाज

अमेरिकेच्या बेसबॉलात चेंडू फेकणाऱ्याचा हात थकला, म्हणजे 'रिलीफ पिचर' म्हणून राखून ठेवलेला गडी पुढे येतो. तोवर त्याने वाट पाहावयाची. आम्ही शहाडकरही कल्याणच्या फलाटावर कसाऱ्याच्या गाडीची वाट पाहणारेच. पण ती गाडी, उशिरा का होईना, येते. २०२५ च्या मार्चात निवर्तलेल्या पद्माकर शिवलकरांची आली नाही.

डावऱ्या फिरकीचे ५८९ बळी, आणि कसोटी सामना एकही नाही! १९७२-७३ च्या रणजी अंतिम सामन्यात, मद्रासेस चेपॉकवर, त्यांनी तामिळनाडूचे १६ धावांत ८ व १८ धावांत ५ गडी टिपले. तिसऱ्या दिवशी पहिला चेंडू पडतो तोच सामना आटोपला.

भारतीय संघातली जागा बिशनसिंग बेदींची होती, आणि ती त्यांना शोभतही होती. परंतु एका संघात दोन डावरे फिरकीवाले नकोत, हा जाणत्यांचा दंडक आम्हांस कधीच पटला नाही. बरे, १९७४ साली बंगलोरच्या कसोटीतून बेदींना वगळले, तेव्हाही शिवलकरांस हाक आली नाही. निवृत्तीनंतर हाक आली ती मुंबईची, १९८७-८८ च्या हंगामात. वय ४७. ते चेंडू घेऊन मैदानात उतरले.