सावलीतला तपशील

वाळवंटातील खडकांचे छायाचित्र घ्यायचे तर संध्याकाळ साधावी, असे छायाचित्रकार सांगतात. सूर्य क्षितिजाशी आला की त्याचे किरण वातावरणातून अधिक अंतर कापून येतात. वाटेत निळा रंग बराचसा विखुरला जातो आणि दगडावर तांबूस-सोनेरी उजेड पडतो. किरण तिरपे असल्याने प्रत्येक भेग, प्रत्येक खळगा उठून दिसतो. मात्र त्याच वेळी कड्याची दुसरी बाजू गडद सावलीत जाते. त्या सावलीचे काय करावे, हा प्रश्न आम्हां दोघांसाठी केवळ तंत्राचा राहिला नाही. त्याला कारण आमचा एक वर्गमित्र.

वसतिगृहात असताना दिवेलागणीनंतर मैदानावरून भोजनगृहाकडे जाताना तो आमच्या खांद्यावर हात ठेवून चालत असे. पुढे निदान झाले : रेटिनायटिस पिगमेंटोसा. या विकारात मंद उजेडात पाहण्याचे काम करणाऱ्या दृष्टिपटलातील पेशी आधी निकामी होतात आणि नजरेचा घेर हळूहळू आक्रसत जातो. भर उजेडात तो आजही समोरचे वाचू शकतो. सांज झाली की त्याचे जग मिटते.

आमच्यापैकी एक जण आखातात नोकरीला असल्याने जॉर्डनचा प्रवास जमून आला. दक्षिण जॉर्डनमधील वादी रम येथे आम्ही तिघे गेलो. तेथे ग्रॅनाइटच्या पायावर वालुकाश्माचे उत्तुंग कडे उभे आहेत. लोहाच्या ऑक्साइडमुळे त्यांना लाल रंग आला आहे. सुमारे २५,००० शिलाचित्रे आणि २०,००० शिलालेख या परिसरात आहेत. २०११ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. दुपारी मित्राने सारे डोळे भरून पाहिले. सूर्य कलला तसा तो जीपला टेकून बसला आणि म्हणाला, "आता तुम्ही पाहा. सावलीत काय आहे ते मला नंतर दाखवा."

सावली काळी नसते, हे त्या संध्याकाळी आम्ही नीट पाहिले. उघड्या आकाशाखालच्या सावलीत निळसर झाक होती; समोरच्या उजळ कड्यावरून परतलेल्या प्रकाशाने अरुंद घळीतली सावली मात्र तांबूस झाली होती. आमची नजर या दोन्ही टोकांशी क्षणात जुळवून घेत होती, कॅमेऱ्याला ते एका एक्स्पोजरमध्ये साधत नाही. चौदा बिटांच्या फाइलमध्ये उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या असतात. त्यांतील निम्म्या सर्वांत उजळ एका स्टॉपलाच मिळतात, आणि गडद भागाकडे जाताना त्या दर स्टॉपला निम्म्याने घटतात. म्हणून कॅमेरा ट्रायपॉडवर पक्का केला, आयएसओ १०० ठेवला आणि दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन चित्रे घेतली. एक उजळ कड्यासाठी, एक मधले, एक सावलीसाठी. शिवाय वहीत लिहून ठेवले : डाव्या भिंतीवर मधाच्या पोळ्यासारखी भोके, पायथ्याशी दोन झुडपे, वर आडवे थर, कोपऱ्यातली कपार दिसत नाही.

घरी संगणकावर काम सुरू झाले तेव्हा त्या वहीचे मोल कळले. सावली उजळण्याची पट्टी कितीही पुढे ओढता येते. परंतु फार ओढली की दगड राखाडी पडतो, गडद भागात कणकण दिसू लागतात, कड्याच्या कडेला पांढरट वलय उमटते आणि संध्याकाळची दुपार होते. म्हणून आम्ही तिन्ही चित्रे एकत्र केली, सावलीचा भाग वेगळा निवडून थोडा थोडा उघडला आणि प्रत्येक वेळी वहीशी ताडून पाहिला. पोळ्यासारखी भोके दिसू लागली, तेथे हात थांबवला. निळी झाक पुसली नाही; सर्वांत खोल भाग काळाच राहू दिला. इतर कोणासाठी हे चित्र शोभेचे ठरले असते. आमच्या मित्रासाठी ती साक्ष होती. ज्याला पडताळून पाहता येत नाही, त्याला अधिक उजळ करून दाखवणे म्हणजे त्याच्या विश्वासाचा गैरफायदा घेणे होय.

मोठ्या आकाराची प्रत काढून ती आम्ही त्याच्यासमोर भर दुपारी, खिडकीजवळच्या मेजावर ठेवली. नजरेचा घेर लहान असल्याने तो चित्र तुकड्यातुकड्याने पाहत गेला. दोन्ही झुडपे त्याला सापडली. थर त्याने बोट फिरवत मोजले. मग बोट कोपऱ्यातल्या काळ्या कपारीवर थांबले.

"इथे काय होते?"

"आम्हांलाही दिसले नाही," आम्ही म्हणालो.

तो हसला. "मग इथे आपण तिघे सारखेच."